मलकापूरचं स्थळ

नवरा जाऊन काही वर्षं झाली होती, दवाखान्यातली नर्सची नोकरीही संपली होती, तेव्हा मला स्थळ आलं. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनीच आणलं. मलकापूरचे निवृत्त शिक्षक, बायको वारलेली, मूलबाळ नाही, घरात फक्त म्हातारी आई. घाई करू नका, प्रार्थना करा, प्रभू काय सांगतो ते ऐका, असं पाळकसाहेब म्हणाले.

ऐकायचं म्हणजे काय करायचं, हे मला कधी नीट उमगलंच नव्हतं. उपासनेत साक्ष द्यायला उठणाऱ्या बायका किती सहज सांगतात, प्रभू माझ्याशी बोलला म्हणून. मला वाटायचं, कुठल्या आवाजात? माझ्या डोक्यात जो बोलतो तो माझाच आवाज, माझ्याच कोल्हापुरी हेलातला.

मुलगा दुबईला. रविवारी त्याचा फोन यायचा, बाकी आठवडाभर मी एकटी. वाटीभर भातासाठी कुकर कुठं लावायचा, म्हणून सकाळचीच भाकरी रात्री दुधात कुस्करायची. घरात कुणीतरी बोलतंय असं वाटावं म्हणून टीव्ही लावून ठेवायची. अशा बाईनं देवाला विचारलं, हो म्हणू का, तर आतून काय येणार? 'हो'च आलं. लगेच आलं. सोबत कारणंही आली, आणि शास्त्रातली वचनं माझ्या बाजूची तेवढीच आठवली. उपवास करून पाहिला, तरी उत्तर तेच. मग त्या उत्तराचीच भीती वाटायला लागली. मला हवं ते देव सांगतोय, की मीच त्याच्या नावावर खपवतेय?

मुलाला फोनवर विचारलं. तुला बरं वाटेल तसं कर, मी आड येणार नाही, म्हणाला. प्रेमानंच म्हणाला. फोन ठेवल्यावर मात्र आणखीच एकटं वाटलं.

शेवटी पाळकसाहेबांच्या पत्नीला सोबत घेऊन एसटीनं मलकापूरला गेले. गुरुजी शांत, नीटनेटके. पोहे त्यांनी स्वतः केले होते. लिहायला संकोच वाटतो, पण मला ते आवडले. चहा झाल्यावर ते म्हणाले, "सिस्टर, मी फार प्रार्थना केली. देवानं मला दाखवलंय, तुम्हीच."

आणि लगेच मला आतल्या खोलीत आईकडे घेऊन गेले. तिला अर्धांगवायू झालेला, अंथरुणाला खिळलेली. त्यांनी औषधं दाखवली, कामाच्या बायका कशा टिकत नाहीत ते सांगितलं. तुम्हाला यातलं काही नवीन नाही, असंही म्हणाले. माणूस वाईट नव्हता. थकला होता. मी एकटेपणात जे ऐकलं होतं, ते त्यानं थकव्यात ऐकलं होतं.

सवयीनं मी म्हातारीला कुशीवर वळवलं. पाठीला जखम व्हायला लागली होती. गरम पाणी मागून ती पुसून काढली. गुरुजी पाणी ठेवून बाहेर गेले, तशी म्हातारी जड जिभेनं म्हणाली, "तू न्हाई म्हणणार न्हवं?"

मी तिच्या अंगावरची चादर सारखी केली.

"म्हण न्हाई," ती म्हणाली. "पर परत ये."

परतीच्या गाडीत पाळकसाहेबांच्या पत्नीनं काय ठरवलं विचारलं. नको, असं मी सांगितलं, आणि खिडकीतून उसाची रानं बघत बसले. बांबवडे मागं पडलं आणि मनात आलं: गुरुवारी परत जा. एवढंच. कारण नाही, वचन नाही. मला अजिबात जायचं नव्हतं. ज्या घराला नकार द्यायचा, त्याच घरी कुठल्या तोंडानं जायचं? गाडी कोल्हापुरात शिरेपर्यंत मी नाही नाही म्हणत राहिले. ते वाद घालत नव्हतं आणि जातही नव्हतं.

नकार पाळकसाहेबांमार्फत कळवला आणि गुरुवारी गेले. गुरुजींनी दार उघडलं आणि ते बाजूला झाले. मग दर गुरुवारी जात राहिले. आईला कसं वळवायचं, जखम कशी जपायची, ते त्यांना शिकवलं. आमचं बोलणं आईपुरतंच. जखम भरली. म्हातारी मला लग्नाचं पुन्हा कधी बोलली नाही, फक्त हात धरून पडून राहायची.

आषाढात ती गेली. माती दिल्यावर गुरुजींनी हात जोडले. त्यांना आणखी काही बोलायचं होतं, असं मला वाटलं. कदाचित माझंच मन असेल. मी एसटी धरली.

पाळकसाहेबांनी नंतर साक्ष द्यायचा आग्रह केला. मी उभी राहिले आणि सांगितलं की मलकापूरला एक आजारी बाई होत्या, त्यांच्याकडे मी जात होते. प्रभू बोलला, असं म्हणायला जीभ रेटली नाही. आता कुठं जाऊ, असं मी अजून सकाळच्या प्रार्थनेत विचारते. उत्तरं पुष्कळ येतात. ऐकल्याबरोबर ओळखू येतं, ती माझीच असतात.