माझं कोबीपुरतं फ्रेंच

आमच्या घरात गोड बोलायची पद्धत नाही. लेकरू जितकं लाडकं, तितकी शिवी ठसठशीत; उगाच दृष्ट नको लागायला. म्हणून फ्रान्समधल्या माझ्या नातीला मी व्हिडिओ कॉलवर प्रेमाने विचारलं, "काय गं माकडे, जेवलीस का?"

नातीला मराठी येत नाही. सून तिकडची, आणि आमच्या चिरंजिवांना लेकीला मराठी शिकवायला सवड नाही. भाषांतराला मात्र बरोब्बर सवड मिळाली! त्याने 'माकड' म्हणजे काय ते तिला नीट समजावून सांगितलं. पोरगी रडत आत पळाली आणि त्यानंतर फोनवर यायलाच तयार होईना.

"आई, तिकडे असं नाही बोलत गं," मुलगा म्हणाला.

बरं बाबा, नाही बोलत. मी कॉलेज रोडला फ्रेंचच्या क्लासला नाव घातलं. वर्गात सगळी कॅनडाला निघालेली पोरं. त्यांना वाटलं, मी कुणाची तरी फी भरायला आलेय.

पहिल्याच दिवशी मॅडमना विचारलं, तिकडे लेकरांना लाडाने काय म्हणतात? म्हणाल्या, "मों प्ती शू." म्हणजे माझा छोटा कोबी. आपल्याकडे लेकरांच्या बाबतीत 'शू' कधी म्हणतात ते सांगायला नको, पण ते सोडा. कोबी? अहो, माझा जन्म गेला मखमलाबादच्या मळ्यात कोबी काढण्यात. भाव पडला की म्हशीही त्याच्याकडे बघून तोंड फिरवतात. माकड चालत नाही, कोबी चालतो. धन्य ती माणसं!

पुढे कोबीने पिच्छाच पुरवला. काम सोपं असेल तर ते म्हणे 'कोबीसारखं मठ्ठ'. हात हलवत परत आलं की 'पांढरा कोबी केला'. फालतू पेपर म्हणजे 'कोबीचं पान'. एवढा कोबी तर आमच्या मार्केट यार्डातही नसेल. पण मी हट्टाने सगळं पाठ केलं. भाजी चिरताना 'शू, शू' चालायचं. ह्यांना वाटलं, बाईचं काहीतरी बिघडलंय.

शेवटी मुलाने नातीला कसंबसं स्क्रीनसमोर बसवलं. मी घसा साफ करून म्हणाले, "बोंजूर, मों प्ती शू!"

पोरीचा चेहरा उजळला. मग ती हळूच काहीतरी बोलली, लांबलचक, आणि माझ्याकडे बघत थांबली. त्यात कोबी कुठेच नव्हता, त्यामुळे मला ओ की ठो कळलं नाही. पण माघार कशाला घ्यायची? मी ऐटीत हसून म्हणाले, "वी, वी!" म्हणजे हो, हो.

तिचा ओठ थरथरला. ती खुर्चीवरून उतरून दाराकडे निघाली.

"आई, काय केलंस!" मुलगा कपाळावर हात मारून म्हणाला. "तिने विचारलं, आजी, तू अजून माझ्यावर रागावलीयेस का?"

अगं आई गं! आजवर जे काही शिकले होते त्यात 'नाही गं, कधीच नाही' एवढं कुठेही नव्हतं. मी फोन दोन्ही हातांनी धरला आणि ओरडले, "नाही गं राणी, तुझ्यावर कशाला रागवू? तुझ्यासाठीच तर मरतेय इथे!" आणि ढसाढसा रडले, चक्क मराठीत.

पोरगी दारातून परत आली. तिने स्क्रीनला नाक लावलं, भाषांतराला सरसावलेल्या बापाला गप्प बसायची खूण केली आणि माझं मराठी ऐकत बसली.