ठण की थप

माझ्या मामाला सगळे ठणठणमामा म्हणतात. ज्यांचा तो मामा लागत नाही तेही म्हणतात. धंदा कातारीचा. लाकूड लेथवर फिरवायचं, पटाशी लावायची आणि वाडगे, मुठी, खुर्च्यांचे पाय, जगात गोल म्हणून जे काही असतं ते त्यातून बाहेर काढायचं. नाव मात्र गोलाईवरून पडलेलं नाही, ठोकण्यावरून पडलंय. लाकडाचा ठोकळा आला की मामा त्याला उजवा कान लावतो आणि मधलं बोट वाकवून त्यावर टकटक करतो. आतून ‘ठण’ आलं तर लाकूड निरोगी. ‘थप’ आलं तर पोटात चीर आहे, जाळायला टाका. त्याच्या बोटाखालून गेल्याशिवाय या घरात कुठलंही लाकूड लेथवर चढलेलं नाही.

सवय अशी की मामा कलिंगड ठोकतो, कपाटं ठोकतो, दुसऱ्यांची दारं ठोकतो आणि कुणी उघडलं तर म्हणतो, “काही काम नाही, चालू द्या.” डॉक्टर एकदा त्याची छाती ठोकून बघत होते, तर यानेच विचारलं, “काय येतंय? ठण ना?” मुलगी बघायला गेला तेव्हा मुलीपेक्षा जास्त वेळ तिच्या घरची चौकट बघत बसला, आणि निघताना होणाऱ्या सासऱ्यांना म्हणाला, “बाकी सगळं पसंत आहे, चौकट तेवढी आतून गेलीय.” मामी अजून म्हणते, “मला वाजवून बघितलं नाही, तेवढंच नशीब.”

तर या माणसाचा कान गेला होता.

मला हे कळलं त्या सकाळी. मी विळ्याची मोडलेली मूठ घेऊन गेलो होतो, तर मामीने हाताला धरून स्वयंपाकघरात ओढलं आणि कुजबुजायला लागली. कुजबुजायची खरं तर काही गरज नव्हती. तक्रार तीच तर होती.

“उजवा पार गेला रे. डावा आपला आहे म्हणायला. काल म्हटलं, अहो, दूध उतू गेलं. तर म्हणतात, छान झालं!”

“बारकीला माहितीये?”

बारकी म्हणजे माझी मामेबहीण. लहानपणी पडलेलं नाव. आता दारातून आत येताना तिला मान वाकवावी लागते. मामाचा खांदा आखडल्यापासून लेथवर तीच उभी राहते. मामाकडे उरलं ते फक्त ठोकणं.

“शपथ घातलीये मला,” मामी म्हणाली. “म्हणतात, कान गेला म्हणजे मी गेलो. मग या घरात मी काय नुसता चहा ढोसत बसू? आणि आज अंजन चढवतायत रे.”

अंजन म्हटल्यावर मी हातातली मूठ खाली ठेवली. अंजन हे आपल्याकडच्या झाडांतलं सगळ्यात हट्टी म्हातारं. पाण्यात टाकलं तर तरंगायचे कष्ट घेत नाही, सरळ तळ गाठतं. खिळा मारला तर खिळा वाकतो. पटाशी जरा वेळ चालवली की पुन्हा धारेला न्यावी लागते. पण एकदा गुळगुळीत झालं की त्याच्या काळपट तांबड्या अंगावरून हात काढवत नाही. मामाच्या शेडच्या कोपऱ्यात असे दोन ठोकळे टोकांना मेण फासून वर्षानुवर्षं वाळत पडले होते, कारण घाई केली की अंजन तडकतं, आणि कधीकधी घाई न करताही तडकतं. नव्या वाचनालयाच्या जिन्याच्या खालच्या खांबावर बसवायला त्यातून एक मोठा गोळा काढायचा होता.

ठोकळा माणसाच्या डोक्याहून मोठा. आत चीर असली आणि भर वेगात फुटला, तर जाणार कुठे? समोर जो उभा असेल त्याच्या तोंडावर. मामाच्या भुवईवर जो व्रण आहे तो तसल्याच एका तुकड्याचा, आणि तो तुकडा सुपारीएवढा होता. बारकी तोंडावर प्लास्टिकची काच ओढते खरी, पण अंजनापुढे ती काच म्हणजे छत्री घेऊन दरडीखाली उभं राहण्यातला प्रकार.

स्वयंपाकघराचं मागचं दार शेडमध्येच उघडतं. मामी आणि मी दारात उभे राहिलो. मामाने ठोकळा बाकावर घेतला, हात झटकले, बोट वाकवलं. डाव्या बाजूला बारकी उभी.

“डावा लावा,” मामी ओठांतल्या ओठांत म्हणाली. “डावा. डावा हो!”

मामा क्षणभर थांबला. मान जराशी डावीकडे कलली. तिथे बारकी बघत होती. जन्मभर उजवा कान लावणारा माणूस आज डावा का लावतो, हे तिने विचारलं असतं. मामाने मान फिरवली आणि उजवा कान लाकडाला टेकवला.

टक टक. खाली सरकून, टक टक. मग बुडाशी.

मला दारातून काही कळलं नाही. माझे कान दोन्ही शाबूत आहेत, पण ते फक्त चहा झाल्याची हाक ओळखतात.

“ठण,” मामा म्हणाला. “लाव.”

बारकी हलली नाही. “बाबा, बुडाशी परत एकदा बघता?”

“काय?”

“बुडाशी! परत!”

“एकदा सांगितलं ना! तुझ्या जन्माआधीपासून ठोकतोय मी. लाव म्हटलं की लावायचं.”

बारकीने एकदा ठोकळ्याकडे, एकदा बापाकडे पाहिलं. मग ठोकळ्याला लोखंडी चकती बसवली, स्क्रू आवळून तो लेथवर चढवला आणि काच तोंडावर ओढली. मामीने माझा दंड धरला. तिच्या बांगड्या माझ्या हाडापर्यंत गेल्या.

लेथ सुरू झाला. आधी कमी वेगात. ओबडधोबड ठोकळा धडधडत फिरायला लागला, पटाशी टेकली, कडक खरखरीत भुगा उडाला. मामा लेथच्या पलीकडच्या टोकाला उभा राहिला, नेहमीसारखा, एक तळवा लेथच्या बैठकीवर ठेवून. कोपरे झिजले. धडधड कमी झाली. बारकीने लेथ थांबवला, पट्टा लहान चाकावर सरकवला. म्हणजे आता वेग वाढणार.

“मी सांगते,” मामी म्हणाली. पण पाऊल टाकलं नाही. “शपथ गेली खड्ड्यात, सांगते मी.” तरी पाऊल टाकलं नाही. शेवटी मीच पुढे झालो आणि ओरडलो, “बारके!”

तेवढ्यात लेथने सूर धरला. माझी हाक त्यात बुडाली. बारकीने पटाशी टेकवली आणि तोंड लाकडाजवळ नेलं.

मी मामाकडे पाहिलं. त्याचा चेहरा पडला होता. बैठकीवरचा तळवा त्याने उचलला, पँटला पुसला, पुन्हा ठेवला. जणू हात चुकीचं सांगतोय. मग दोन्ही तळवे ठेवले आणि डोळे मिटले. ओठ हलत होते. बारकीकडे पाहिलं, भिंतीवरच्या खटक्याकडे पाहिलं, परत बारकीकडे. खटका पाडला तर कारण द्यावं लागणार होतं.

मामाने खटका पाडला.

अंजन एवढं जड, की वीज गेली तरी ते फिरतच राहिलं. मामाने बारकीच्या कोपराला धरून तिला बाजूला ओढलं, अगदी खेचलंच. पटाशी खाली पडली. ठोकळा आपल्याच मस्तीत फिरत, हळूहळू मंद होत, एकदाचा थांबला.

“बाबा! हात गेला असता माझा! झालं काय?”

“मला ऐकू येत नाही,” मामा म्हणाला.

“अहो लेथ चालू होता, कसं ऐकू येईल?”

“मघाशीही नव्हतं आलं. उजवा कान गेलाय. ठण नव्हतं, काहीच नव्हतं. मी आपलं ठोकून दिलं.” त्याने तळवा पुढे केला, जणू तिने तो तपासावा. “इथे लागलं आत्ता. मध्येच अडखळतंय. बुडाशी.”

बारकीने काच वर केली. मला वाटलं, आता ही फाडून खाणार. तिने बोट वाकवलं, बुडाशी ठोकलं, आणि तशीच वाकून राहिली.

“थप,” ती म्हणाली.

“काय?”

“थप!” डाव्या कानाशी जाऊन ती ओरडली. “मघाशी तुम्ही ठोकलंत तेव्हाच मला थप आलं होतं! तुम्ही ठण म्हणालात, तर मला वाटलं माझाच कान नाटकं करतोय!”

मामा मटकन स्टुलावर बसला. बाप ऐकू न आलेलं ठण सांगत होता आणि लेक ऐकू आलेलं थप गिळत होती; मामी नि मी दारात खांबासारखे. इतकी शहाणी माणसं एका शेडमध्ये, आणि बोलला तो फक्त हाताचा तळवा.

ठोकळा खाली घेऊन बारकीने बुडाशी पाचर लावली आणि हातोडा घातला. एका घावात दोन फाका. आत केसाएवढी चीर, एका बाजूने थेट गाभ्यापर्यंत गेलेली. मामीने पदराने तोंड पुसलं, मग त्याच पदराने मामाचं पुसलं.

“आता बोला,” ती त्याला म्हणाली. “काय काम तुमचं या घरात?”

मामाने उत्तर दिलं नाही. ऐकू आलं नाही की द्यायचं नव्हतं, हे आता कायमचंच कोडं झालं.

चहा झाल्यावर बारकीने दुसरा ठोकळा बाकावर आणला. मामा सवयीने उठला, बोट वाकवलं, आणि तसंच परत सरळ केलं. तो बाकाच्या पलीकडे गेला आणि ठोकळ्याला दोन्ही तळवे लावून उभा राहिला. “ठोक.”

बारकीने कान टेकवला. टक टक. सरकून, टक टक. बुडाशी जरा जास्तच वेळ. तिने वर पाहिलं.

“तू सांग,” मामा म्हणाला. “मी नंतर सांगतो.”

“ठण!” बारकीने शेजारच्या गल्लीपर्यंत जाईल असा आवाज लावला.

“ओरडतेस काय?” मामा म्हणाला. “बहिरा आहे का मी?” आणि तळवे काढत म्हणाला, “लाव.”