काढून टाकलेला फॉर्म

पीएच.डी.ला माझा विषय होता वयस्कर बायकांचा एकटेपणा. विहारातल्या महिला मंडळात जाणाऱ्या बायका आणि घरीच बसणाऱ्या बायका, यांच्या एकटेपणात फरक आहे का, एवढंच तपासायचं. जेलरोड, उपनगर, पार देवळाली कॅम्पपर्यंत फॉर्म घेऊन हिंडले. मंडळातली एक बाई कमी पडत होती म्हणून आईला बसवलं. आई निवृत्त शिक्षिका, मंडळात सगळ्यात बोलकी. घरात आम्ही दोघीच.

फॉर्मवर नाव नसतं, नुसता नंबर. पण आईच्या ‘बरोबर’च्या खुणेची शेपटी लांब, सगळा जन्म वह्या तपासण्यात गेलेला; तिचा फॉर्म मी लगेच ओळखला. ‘घरात माणूस असूनही मला एकटं वाटतं’ यापुढं तिनं ‘नेहमी’वर खूण केली होती. पुढच्या बहुतेक प्रश्नांनाही तेच. मला रागच आला. म्हटलं, काहीतरी उरकून टाकलंय हिनं.

घोडं अडलं ते आकडे काढताना. मुळात फरकच नसेल, तर एवढा फरक निव्वळ योगायोगानं दिसण्याची शक्यता शंभरात पाचाहून कमी यावी लागते. माझी जराशीच वर येत होती. गाईड मॅडमनी यादीत एका नंबरवर बोट ठेवलं.

“ही कोण? मंडळात जाते आणि एवढी एकटी? प्रश्न नीट वाचले नसतील. असे एक-दोन फॉर्म सगळेच काढतात. काढून बघ.”

काढला. आकडा रेषेखाली आला. मॅडमनी पाठ थोपटली आणि मी चक्क हसले. ही बाई कोण, ते मी सांगितलं नाही.

डिग्री मिळाली त्या संध्याकाळी आईनं खीर केली होती. वाटी पुढं करत म्हणाली, “माझ्या फॉर्मचा काही उपयोग झाला का गं?”

“झाला की.”

“वाचलास?”

“एवढ्या ढिगातला एकेक कुठं वाचत बसू, आई?”

“बरं,” म्हणाली आणि साखर पुरे आहे का ते विचारलं.

तेव्हा कळलं मला. तिनं प्रत्येक प्रश्न नीट वाचला होता, कारण तो फॉर्म माझ्या हातात येणार होता. लाज वाटली, तरी मी खीर खात राहिले. त्यानंतर दोन वर्षं ती होती. रोज सोबत जेवलो आम्ही. मी विचारलं नाही, तिनंही पुन्हा विषय काढला नाही.