जोंधळ्याचे दोन दाणे

मी लंकाबाई. शेवगावच्या अलीकडं आमची शाळा हाय, तिथं बावीस वर्षं शिपाई. विज्ञानाची खोली झाडनं, बरन्या पुसनं माझ्याकडं. तवा अनूत काय असतं हे मला कुनी शिकवू नये, आठवीच्या पोरांपेक्षा मला जास्त पाठ हाय. पन आज सांगायचंय ते जोर्वेकर सरांचं. मानूस लाखातला, पन एका पोरीनं त्यांला चौदा वर्षं सुखानं झोपू दिलं न्हाई. अन् ती पोर तर बिचारी कवाच गेली.

सर मूळचे गनिताचे. विज्ञानाची जागा रिकामी, मनून आठवी त्यांच्या गळ्यात मारली. त्यांनी पोरांना घरून अनू करून आनायला सांगितला. पंकजानं आनला क्लोरीन. पुठ्ठ्यावर मधी डिंकानं सतरा तुरीचे दाने, ते प्रोटॉन. त्यांच्यात मिसळून वीस जोंधळ्याचे, ते न्यूट्रॉन. भवतीनं तीन गोल काढून आईच्या तुटक्या पोतीचे सतरा काळे मनी, ते इलेक्ट्रॉन. काय देखना केला हुता!

सरांनी मोजला. "क्लोरीनमध्ये अठरा न्यूट्रॉन असतात. हे दोन जास्तीचे कुठून आणलेस?"

पोरगी हळूच म्हनली, "सर, तसा बी असतो."

वर्ग फिदीफिदी हसला. सरांचं टाळकं सरकलं. त्यांनी नखानं दोन जोंधळे खरवडून काढले, "आता झाला क्लोरीन" म्हनले, अन् दहात चार मार्क टाकले. ते दोन दाने मीच झाडून न्हेले. माझ्या हाताला तरी काय झालं हुतं तवा!

दिवाळी झाली. पंकजाचे आईबाप टोळीबरोबर राहुरीकडं ऊस तोडायला गेले, तिला बी घेऊन गेले. हिकडं शाळा उघडली. सरांनी पुस्तकाचं पुढचं पान काढलं अन् फळ्यावर लिहायला लागले. मी खिडकी पुसत हुते. प्रोटॉन सतरा, मंजी क्लोरीन, त्यात बदल न्हाई. पन न्यूट्रॉन कुनात अठरा असतात, कुनात वीस. नाव तेच, गुन तेच, वजन निराळं. त्यांला समस्थानिकं म्हनायचं. चारांत तीन पस्तीस वजनाचे, एक सदतीस वजनाचा, मनून सरासरी साडेपस्तीस. साडेपस्तिसाचा अनू मातर शोधून बी सापडायचा न्हाई. एवढं लिहिलं अन् सरांचा खडू थांबला. वळून त्यांनी शेवटच्या बाकाकडं बघितलं. बाक रिकामा हुता.

"टोळी परत आली की सांगेन तिला," सर मला म्हनले.

फाल्गुनात उसाची ट्रॉली उलटली. टोळी परत आली, पंकजा न्हाई आली.

तवापासून दरवर्षी त्या धड्याला सरांचा चेहरा पांढराफटक पडायचा. भर दुपारी मला इचारायचे, "लंकाबाई, शेवटच्या बाकावर कोण बसलंय?" कुनी नसायचं. डबा खाताना सर भाकरी सोडून मटकीचे दाने मोजायचे. अठरापर्यंत यायचे अन् थांबायचे. हसू नका, मला बी तेच झालं. त्या खोलीत झाडू मारताना दोन दाने टुनटुन पुढं पळाल्यागत वाटायचे. वाकून बघावं तर फरशी कोरी. भ्या वाटायचं मला, खोटं कशाला बोलू.

मी लई भांडले त्यांच्याशी. "सर, दोन किलोमीटरवर घर हाय. जाऊन सांगा की तिच्या आईला."

"कुठल्या तोंडानं जाऊ?"

"हाय त्याच तोंडानं!"

न्हाई गेले. यंदा सरांची निवृत्ती आली, तवा मी इतकी वर्षं कपाटात जपलेला पंकजाचा पुठ्ठा काढला अन् त्यांच्या टेबलावर आपटला. म्हनलं, "तुमी जाल पेन्शनीत, अन् ही पोर माझ्या उरावर ठेवाल? उठा." मंग गेलो आमी दोघं.

पंकजाची आई गोजरबाई अंगनात शेंगा फोडत हुती. घरात भिंतीवर पोरीचा फोटू. सर उभ्यानंच म्हनले, "आई, पंकजाचं बरोबर होतं. मी चुकलो."

गोजरबाईनं पुठ्ठा मांडीवर घेतला. आधी काळ्या मन्यांवरनं हात फिरवला. "हे माझ्या पोतीचे." मंग तिचं बोट डिंकाच्या दोन रिकाम्या डागांवर थांबलं. "हितं काय हुतं वो?"

सरांनी सगळं सांगितलं, एक अक्षर लपवलं न्हाई. ती उठली, डब्यातनं दोन जोंधळे आनले अन् ओल्या कनकेनं जिथल्या तिथं चिकटवले.

"आता किती मार्क?"

"दहापैकी दहा," सर म्हनले. मला रडू आवरंना.

मला वाटलं, सुटलो बाबा एकदाचे. तेवढ्यात गोजरबाईनं इचारलं, "अन् हे तुमाला कवा कळलं?"

सर खोटं बोलू शकले असते. "दिवाळीनंतर लगेच, आई. पुढच्याच पानावर होतं."

"मंजी तवा ती जित्ती हुती."

"हो."

"मुकादमाकडं मोबाईल हुता की, सर." गोजरबाई वरडली न्हाई, शांतपनं बोलली. "चार म्हयने माझ्यासंगं मोळ्या बांधताना पोर एकच बोलायची. आई, मी पुढचं पान वाचलं हुतं गं, त्यात वीस हुते. पन सर चुकत नसत्यात. मंजी मलाच वाचता येत न्हाई."