पाच सिंथ आणि एकच 'सा'

मंडळी, आज आमच्या नाहूरच्या वन बीएचकेमध्ये जाम धमाल झाली!

माझ्याकडे पाच सिंथ आहेत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक आवाज काढणारे कीबोर्ड. कपाटावर, पलंगाखाली, सगळीकडे तेच. "एकच ठेव ना यार," बायको सायली म्हणाली. मी म्हटलं, "अगं, प्रत्येकाचा आवाज वेगळा आहे!"

"असं? मग भिंतीकडे तोंड कर. मी वाजवते, तू ओळख."

तिने एकेकावर नुसता 'सा' वाजवला. पहिला चुकलो. मग दुसरा, तिसरा, चौथा... पार वाट लागली! ज्यांच्यावरून मित्रांशी भांडलो, तेच ओळखता येईनात.

पाचवा वाजला आणि मी तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघरातून आई ओरडली, "ह्यो तुझो कॉलेजातलो! ह्यो इकू नको हां!"

आणि विकायचाच झाला तर मी नेमका तोच आधी काढणार होतो, सगळ्यात स्वस्त म्हणून!

बाकीचे चार विकायला टाकलेत. संध्याकाळपासून ह्या एकालाच चिकटून बसलोय, झकास वाजतोय!

तुम्ही हौसेने जमवलेल्यातलं काय काय न बघता ओळखाल रे? आणि तुमच्याही आधी घरातलं कोण ओळखेल?