पट्टीच्या कापडानं बांधलेली वेणी

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. बाबा अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाटायचे. मी अक्षरं शिकले तीच त्यांवरून. भूत पाहिलं म्हणणाऱ्यांशी मी भर एसटीत भांडले आहे. त्यामुळे हे लिहिणं जड जातंय...

आम्ही जऊळक्याचे, घर स्टेशनच्या मागे. मागच्या हिवाळ्यात शुगरमुळे आईच्या डाव्या डोळ्यात रक्त उतरलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले – डोळ्यात इंजेक्शन देऊन रक्त विरायची वाट बघायची, किंवा ऑपरेशन करून ते काढून टाकायचं.

"डोळ्याच्या आतला पडदा आज जागेवर आहे, मावशी, म्हणून थांबता येईल. तो ओढला जाऊ लागला तर मात्र ऑपरेशनच. तुम्ही ठरवा."

"ऑपरेशननं सारं एकदमच साफ होते?"

"बरंचसं."

"अन् सुईनं?"

"हळूहळू."

"मंग हळूच जाऊ द्या."

मला वाटलं, घाबरली. परतीच्या गाडीत म्हणाली, "त्या डोयात सुनी दिसते मले. बसून राह्यते निस्ती."

सुनी माझी धाकटी बहीण. दोन वर्षांपूर्वी नागपुरात गाडीवरून पडली, डोक्यात रक्तस्राव झाला. "मी येईपर्यंत कापू देऊ नको," आई फोनवर म्हणाली होती. डॉक्टर म्हणाले, वेळ नाही. मी सही केली. सुनी टेबलावरच गेली... आईला सांगितलं, ऑपरेशनच्या आधीच गेली. घरी आणल्यावर तिच्या डोक्यावरची ओढणी मी कुणाला काढू दिली नाही. अपघाताचं शरीर, म्हणून कुणी हट्टही धरला नाही.

"नजर अडली की मेंदू आपणच चित्रं काढतो, आई."

"तुया पत्रकात असन तसं. पन तिचे डाव्या अंगाचे केस काहून नाईत? उजवीकडं वेनी हाय, वाकडीतिकडी. पट्टीच्या कपड्यानं बांधेल."

ऑपरेशनसाठी डावीकडचे केस काढले होते; उरलेल्यांची ती वेणी मीच घातली होती. रबर सापडेना, तेव्हा नर्सनं पट्टीचा तुकडा दिला होता. हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

दोन इंजेक्शनं झाली. दर तपासणीला पडदा जागेवरच निघाला. रक्त विरत गेलं तशी सुनी फिकी होत गेली. आई रोज सांगायची, आज पाय दिसत नाहीत, आज हात. एका सकाळी तिनं उजवा डोळा झाकून खोलीभर पाहिलं.

"गेली," म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "सही तू केली होती ना?"

"हो."

तिनं मला पुढ्यात बसवलं, माझी वेणी सोडली आणि पुन्हा घट्ट घातली.

"रबर दे," एवढंच म्हणाली.

ही गोष्ट सांगून कुणी एखाद्याला दवाखान्यात जाण्यापासून अडवलं, तर त्याच्या दारात येऊन भांडेन. पण ती पट्टी आईला कशी दिसली... मला आजही माहीत नाही.