बिनमिठाचं ताट

चट्टे पहिल्यांदा कोपरांवर आले. धाकटी मुलगी झाली त्यानंतरच्या हिवाळ्यात. खाली लाल आणि वर पांढरी खवली, अभ्रकासारखी. नायटा समजून आधी रॉकेल लावलं, मग टाकळ्याचा पाला वाटून लावला. गुडघ्यांवरही चट्टे दिसले तेव्हा सासूबाईंनी माझ्यासमोरची पिठाची परात उचलून नेली. भांडल्या नाहीत. "तू कापसाचं पाहाय," एवढंच म्हणाल्या.

आमचं गाव आदिलाबादकडे, जैनथच्या बाजूला, पैनगंगेच्या अलीकडे. सोयरिकी, बाजार, औषधपाणी सगळं नदीपलीकडच्या मराठी मुलखातलं. कचेरी आणि शाळा तेवढी तेलुगूत. वैद्यही पलीकडचाच गाठला. त्याने नाडी पाहिली, जीभ पाहिली, चट्ट्यांकडे लांबूनच नजर टाकली आणि काळी पूड दिली. वर पथ्य. मीठ बंद. आंबट, तिखट, तेल, गूळ, वांगं, उडीद, दही बंद. उरलं काय, तर ज्वारीची भाकर, मुगाचं अळणी वरण, दुधी आणि दूध.

"किती दिवस?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

"रक्त शुद्ध होईपर्यंत," वैद्य म्हणाला. तोंडात तंबाखू होती, त्यामुळे वर बघूनच बोलला.

माझ्या जेवणात चुकून मीठ पडायला नको म्हणून सपरीत, म्हणजे घरामागच्या पडवीत, माझी वेगळी चूल मांडली. पातेलं वेगळं, ताट वेगळं, पेला वेगळा. गावात लोक म्हणायचे, सुनेसाठी किती करतात. मलाही तसंच वाटायचं.

आमच्यात पुरुष आधी जेवत. त्यांचं झालं की सासूबाई, मोठी जाऊबाई आणि नणंद स्वयंपाकघरात भाकरीच्या टोपल्याभोवती बसत. दिवसभरात बायकांना मिळायची ती तेवढीच वेळ. सासूबाई एरवी तोंडाच्या कडक, पण त्या टोपल्यापाशी गिरदावरसाहेबाची नक्कल करायच्या. तो शेत मोजायला आला की कसा रुमालाने खुर्ची पुसतो आणि "तशरीफ" म्हणतो, ते सगळं. मी सपरीत बसून अळणी वरणात भाकर कुस्करायची आणि आतून हसू यायचं. कशावर हसतात ते नीट कळायचं नाही. विचारलं तर "काही नाही वं, असंच" असं उत्तर यायचं. आधी मी मधेमधे विचारायची, मग सोडून दिलं.

पथ्य मी मनापासून पाळलं. उन्हाळ्यात चट्टे फिके पडायचे तेव्हा सगळे म्हणायचे, पाहा, गुण आला. हिवाळ्यात परत उसळायचे. मग चौकशी.

"लोणच्याच्या भरणीले हात लावला असशीन," सासूबाई म्हणायच्या.

"नाही लावला, आत्याबाई."

"मंग वाढलं काऊन?"

शेवटी मलाच शंका येऊ लागली, की जाऊबाई माझ्या पिठाच्या डब्यात मिठाचा हात घालतात की काय. उन्हाने कमी होतं आणि थंडीने वाढतं, मिठाचा त्यात काही हात नाही, हे मला चार हिवाळे पाहूनही सुचलं नाही. कुणालाच सुचलं नाही.

मग नणंदेचं लग्न ठरलं. मंडपात बायका पाहतील, काय काय विचारतील, याची सगळ्यांना धास्ती. गावात एक जण सुया टोचायचा, त्याला सगळे डॉक्टरच म्हणत. त्याने सुया टोचल्या आणि बारीक पांढऱ्या गोळ्या दिल्या. मी थक्क झाले. लग्नापर्यंत हात असे स्वच्छ झाले की बांगड्या भरताना कासारीण काही बोलली नाही. मी पंगतीत वाढलं. सासूबाईंनीच बुंदीची परात माझ्या हातात दिली होती. रात्री बायकांच्या पंगतीत जेवले, मीठ-तिखट सगळं. पथ्याचं नाव कोणी काढलं नाही. हे तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

गोळ्या संपल्या आणि काही दिवसांत अंगभर उठलं. पाठ, पोट, मांड्या, डोकं. बारीक पुवाळलेले फोड आणि ताप. ते स्टिरॉइड होतं हे नंतर कळलं. ते आजार झाकून ठेवतं आणि एकदम थांबवलं की दुपटीने उलटतं. अजूनही पुष्कळ चमत्कारी पुड्यांत हेच कुटून घातलेलं असतं. आठवड्यात कातडी कोरी करून देतो असं कोणी म्हटलं, तर चप्पल घालून तिथून निघावं.

नवऱ्याने मला बसने आदिलाबादला नेलं, कातडीच्या डॉक्टरकडे. डॉक्टर तेलुगू होते, आमच्याशी हिंदीत बोलत. काचेच्या पट्टीच्या कडेने त्यांनी कोपरावरची खवली खरवडली, खाली रक्ताचे ठिपके आले ते पाहिले आणि आजाराचं नाव सांगितलं. सोरायसिस. मग विचारलं, "खाते क्या, अम्मा?"

मी पाठ म्हणावा तसं पथ्य म्हणून दाखवलं. मला थोडा अभिमानही होता.

"नमक बंद? कौन बोला?" ते म्हणाले. "सब खाव. दाल खाव, भाजी खाव, नमक खाव. इतना दुबला होके कैसा चलता? तंबाकू खाते?"

मी खायची. शेतात सगळ्याच बायका खायच्या.

"वो बंद. दारू नहीं पीते ना? अच्छा."

बाकी त्यांनी सांगितलं ते साधं होतं. कोमट पाण्याने अंघोळ, घासायचं नाही, खवली नखाने काढायची नाही, अंग ओलं असतानाच खोबरेल, रात्री डांबराचं मलम, सकाळचं ऊन. झोप नीट घ्यायची आणि जीव जाळून घ्यायचा नाही. मग नवऱ्याकडे वळून म्हणाले, "ये पूरा जाता नहीं, दबा के रखने का. लेकिन किसी को लगता नहीं. साथ में खाव, साथ में उठो-बैठो."

नवऱ्याने मान हलवली.

बस स्टँडवर मी मिरची भजी घेतली. जीभ भाजली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि मी दुसरी पुडी घेतली. ते चहाचा पेला घेऊन उभे होते. बसचा धूर निवल्यावर म्हणाले, "घरी सांगू नको."

"काय?"

"मिठाचं. डाक्टर खा म्हणते ते."

"काऊन?"

"असू दे न. पथ्य चालू असलेलं बरं राह्यते."

मी भजी चावत त्यांच्याकडे पाहत राहिले. ते वाईट नव्हते. औषधाला कधी नाही म्हणाले नाहीत, खाट कधी वेगळी केली नाही. मला उगीच अपमान सोसावा लागू नये, असंच त्यांच्या मनात असणार. पण पथ्य कोणासाठी होतं ते मला त्या स्टँडवर कळलं. सपरीतली चूल माझं मीठ सांभाळत नव्हती, घरच्यांचं टोपलं सांभाळत होती. पथ्य होतं म्हणून कोणाला काही तोंडाने म्हणावं लागत नव्हतं. आणि आता मला ते संपवायचं होतं. मला त्या टोपल्यापाशी बसायचं होतं, दुसरं काही नको होतं.

दुसऱ्या दिवशी पुरुषांचं जेवण झाल्यावर मी माझं ताट घेऊन स्वयंपाकघरात गेले.

"आत्याबाई, डॉक्टरांनी पथ्य सोडायला सांगितलं. मीठ चालते. आणि हे कोणाले लागत नाही म्हणे."

सासूबाई भाकरीचा तुकडा हातात धरून थांबल्या. "अजून थोडे दिस पाळ न बाप्पा. का बिघडते?"

"बसते मी," म्हटलं, आणि बसले.

जाऊबाईंनी टोपलं थोडं आपल्याकडे ओढलं आणि भाकर काढून वरूनच माझ्या ताटात टाकली. वांग्याची भाजीही तशीच. भाजी चांगली झाली होती. गिरदावराची नक्कल नाही, कोणाच्या सुनेची गोष्ट नाही, काहीच निघालं नाही. दोघी भराभर जेवून उठल्या. दुसऱ्या दिवशी सासूबाईंना उपास होता. तिसऱ्या दिवशी जाऊबाईंना भूक नव्हती. पुढे पुढे त्या दोघी मी शेतात गेल्यावर जेवू लागल्या, आणि मी स्वयंपाकघरात टोपल्यासमोर एकटी बसून मीठ घातलेलं खाऊ लागले.

चट्टे मात्र त्या वर्षी खरंच दबले. मलमाला डांबराचा वास यायचा, लुगडी खराब व्हायची, पण उपयोग झाला. सुनेने गुडघे उघडे टाकून उन्हाला बसायचं कुठे, हा प्रश्न होता. मी तुरीत बसायची. डिसेंबर-जानेवारीत तूर डोक्यापेक्षा उंच होते, दोन तासांमध्ये, म्हणजे ओळींमध्ये, माणूस दिसत नाही. कापूस वेचणाऱ्या बायका लांब बोलत असायच्या आणि मी लुगडं वर करून बसलेली, हातापायांवर खोबरेल. ऊन कोवळं असतानाच बसावं. दुपारच्या उन्हाने आग होते आणि चट्टे खवळतात. तंबाखू सोडायला मला सगळ्यात जास्त त्रास झाला, कारण तळहातावर मळलेली चिमूट एकमेकींना देणं, एवढीच बायकांची आणि माझी देवघेव उरली होती.

कोपरं जवळजवळ स्वच्छ झाली तरी टोपल्यापाशी कोणी आलं नाही. मी मुद्दाम बाह्या वर करून वावरायची. सगळे बघायचे, "बरं वाटते आता" म्हणायचे आणि कामाला लागायचे. माझ्यामुळे दोन बायकांची दिवसातली एकुलती हसायची वेळ बुडाली होती. आणि खरं सांगायचं तर माझीही. पूर्वी निदान भिंतीआडून ऐकू तरी यायचं.

हिवाळा संपता संपता मी ताट घेऊन सपरीत गेले. कोणी जा म्हटलं नव्हतं. ताटात वांग्याची भाजी होती, बाजूला मीठ आणि लोणच्याची फोड. सासूबाईंनी दारातून ते पाहिलं आणि आत गेल्या. पाहुण्यांना सांगताना त्या आधीसारखंच सांगायच्या, "तिचं पथ्य असते."

काही दिवसांनी आतून परत आवाज येऊ लागले. एकदा जाऊबाई आतूनच म्हणाल्या, "कावं, तुया मावशीचं नवऱ्यासंगं बसमधी काय झालतं? आत्याबाईले सांग न."

मी सपरीतून सांगितलं. नवरा समजून मावशीने दुसऱ्याच माणसाच्या मांडीवर पिशव्या ठेवल्या आणि पार गावापर्यंत त्याला रागावत गेली, असा तो किस्सा. भिंत मातीची, जाड, म्हणून आवाज चढवावा लागला.

आत दोघी हसत होत्या. सासूबाईंना ठसका लागला.

"हळू बोल वं," त्या आतून म्हणाल्या, "रस्त्यानं लोकं जाऊन राह्यले. अन मंग? तो मानूस काही बोलला नाही काय?"

"नाही बोलला," मी म्हटलं. "उतरताना पिशव्या काढून दिल्या त्यानं."